तुमच्या शेतातली माती किती वर्षांची?



तुमच्या घरातली सर्वांत जुनी वस्तू कोणती, असे विचारले तर काय सांगाल? कोणी म्हणेल पणजीचे जाते, कोणी म्हणेल माळ्यावरचा तांब्याचा हंडा, तर कोणी आजोबांच्या पेटीतली जुनी कागदपत्रे दाखवील. पण या सगळ्यांहून जुनी अशी एक वस्तू घराबाहेर उघड्यावर पडून आहे. रोज तुम्ही ती पायाखाली तुडवता आणि पावसाळ्यात चपलेला चिकटली म्हणून दगडावर खरवडून टाकता. ती म्हणजे तुमच्या शेतातली माती!

ही माती आली कोठून? कोणी केली? किती वर्षांत केली? आज आपण हे समजून घेऊ. त्यासाठी एका नव्या विहिरीत उतरू. मात्र मनाने उतरायचे, बरे का! खरोखरच्या विहिरीच्या काठाशी मोठ्या माणसांशिवाय कधीही जायचे नाही. नव्याने खोदलेल्या विहिरीचे काठ तर फारच कच्चे असतात.

विहिरीतल्या पायऱ्या

विहीर खोदताना अगदी वर लागते काळी माती. कोठे ती हातभर असते, कोठे पुरुषभर. तिच्या खालच्या भागात पांढरे खडे दिसू लागतात. ही चुनखडी. मातीतला चुना पावसाच्या पाण्यात विरघळून खाली जातो. पाणी जेथपर्यंत मुरते तेथे तो थांबतो आणि त्याचे खडे बनतात. अशा खड्यावर लिंबू पिळून पाहा. बारीक बुडबुडे येतील. बुडबुडे आले की ओळखावे, हा चुना.

त्याखाली मुरूम लागतो. त्याला धड माती म्हणता येत नाही आणि धड दगडही म्हणता येत नाही. टिकावाने तो सुटतो, मुठीत दाबला की त्याचा भुगा होतो. मुरमाच्या खाली विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो खडक येतो. तो बारीक बारीक छिद्रांनी भरलेला असतो. पुष्कळ छिद्रांत पांढरे, गुलाबी, हिरवट चकाकते स्फटिक असतात. त्यांपैकी बऱ्याच स्फटिकांना शास्त्रज्ञ झिओलाइट म्हणतात. आपल्या पुणे-जळगाव भागातले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत ठेवलेले आहेत!

आणखी खाली गेले की काळा पाषाण लागतो. पहारीचा घाव घातला तर ठिणगी उडावी असा तो कठीण. तो फोडायला सुरुंगच लावावा लागतो. काळा पाषाण संपला की काही ठिकाणी हातभर जाडीचा तांबडा, गेरूसारखा थर लागतो. आणि गंमत पाहा, त्या तांबड्या थराखाली पुन्हा मांजऱ्या, पुन्हा काळा पाषाण! एकाखाली एक असे कितीतरी थर. हे असे का बरे असावे?

गुऱ्हाळात पाहा, उत्तर सापडेल

तुम्ही गुऱ्हाळावर गेला असालच. काहिलीतला तापलेला पाक ओतला की तो पसरतो. वरच्या अंगाला बुडबुडे येतात. पाक निवला की वर जाळीदार पदर दिसतो आणि खालचा गूळ घट्ट बसतो. आपल्या पायाखालचा खडकही असाच ओतलेला आहे!

आजपासून सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. त्या भेगांतून पृथ्वीच्या पोटातला वितळलेला खडक, म्हणजे लाव्हारस, बाहेर आला. चुलीवर पाणी उकळते ते १०० अंश सेल्सिअसला. हा रस ११०० अंशांहून अधिक तापलेला होता. चित्रात दाखवतात तसा शंकूसारखा एकच ज्वालामुखी येथे नव्हता. हा रस दूरदूरपर्यंत पुरासारखा पसरत गेला. त्यातले वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर आले आणि रस थिजला तेव्हा वरच्या भागात त्यांची छिद्रे राहिली. तोच मांजऱ्या. खालचा भाग सावकाश निवून घट्ट झाला. तोच काळा पाषाण. त्याचे शास्त्रीय नाव बेसाल्ट.

एक लोट थिजला की काही काळ शांततेत जाई. तेवढ्यात ऊन, वारा, पाऊस यांनी खडकाचा वरचा भाग झिजून त्याची तांबडी माती होई. मग पुढचा लोट येऊन ती माती झाकून टाकी आणि भट्टीतल्या विटेसारखी भाजूनही काढी. विहिरीत दिसणारा गेरूचा थर तो हाच. म्हणजे विहीर खोदताना तुमच्या शेताखाली आणखी एक जुनी जमीन सापडते!

हे सारे सुमारे दहा लाख वर्षे, थांबत थांबत, चालले होते. आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. आपल्या सबंध महाराष्ट्रापेक्षाही हे क्षेत्र मोठे आहे. महाराष्ट्राची सुमारे ८० टक्के जमीन याच खडकाची. पूर्व विदर्भाचा बराच भाग आणि सिंधुदुर्गाचा बराच भाग मात्र वेगळ्या, याहूनही जुन्या खडकांचा आहे.

एस.टी.तून घाट चढताना सह्याद्रीचे कडे नीट पाहा. एकावर एक पायऱ्या दिसतील. एकेक पायरी म्हणजे लाव्हारसाचे थिजलेले थर. या खडकांना इंग्रज संशोधकांनी 'ट्रॅप' हे नाव दिले. ते स्वीडनच्या भाषेतल्या 'जिना' या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर म्हणजे असाच एक मोठा जिना. वेरूळचे कैलास लेणे खोदले तेही याच खडकात.

अगदी तळाशी काय आहे?

हे थर किती खोल जातात? सगळीकडे सारखे नाहीत. सह्याद्रीत त्यांची जाडी किलोमीटरहून अधिक आहे, पूर्वेकडे ती कमी होत जाते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर जिल्ह्यात किल्लारीला मोठा भूकंप झाला, हे तुमच्या आजी-आजोबांना आठवत असेल. त्यानंतर शास्त्रज्ञांनी तेथे खोल छिद्र घेतले, तेव्हा हा काळा खडक सुमारे ३३८ मीटर खोलीवर संपला. त्याच्या खाली थोडा गाळाचा थर आणि मग फार प्राचीन असा ग्रॅनाइटसारखा खडक लागला.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथे लाव्हारसाच्या आधीच्या काळातले गाळाचे खडक उघडे पडले आहेत आणि त्यांत डायनोसॉर या प्रचंड प्राण्यांची हाडे सापडतात. एवढेच नव्हे, तर दगड बनलेले शेणही सापडते! हसू नका. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील डॉ. वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शेणाचा अभ्यास केला. २००५ साली त्यांनी जगाला सांगितले, की त्यात गवताचे अंश आहेत. ज्वारीचे किंवा उसाचे पान हाताला कापते ना? त्या पानात गारेसारखे अतिशय सूक्ष्म कण असतात. तसले कण त्या शेणात निघाले. डायनोसॉरांच्या काळी गवत होते, हे त्या शेणावरून पक्के झाले. आता लक्षात घ्या, ज्वारी, बाजरी, भात, गहू, ऊस ही सारी गवताच्याच कुळातली. आपल्या भाकरीचे कूळ इतके जुने आहे!

दगडाची माती होते कशी?

चला, आता विहिरीतून वर येऊ. एवढ्या कठीण पाषाणाची मऊ माती झाली कशी?

दिवसा खडक तापतो, रात्री निवतो. तापला की किंचित फुगतो, निवला की आक्रसतो. असे होता होता त्याला भेगा पडतात. भेगांत पाणी शिरते. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू मिसळलेला असतो, त्यामुळे ते पाणी अगदी किंचित आंबट असते. ते खडकाला हळूहळू आतून कुरतडते. मग झाडांची मुळे घुसतात. मुंग्या, गांडुळे आणि डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव आपापले काम करतात. रस्ता रुंद करण्यासाठी टेकडी कापलेली असेल तेथे दुरून पाहा. कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल गोल धोंडे दिसतील. दगड असा बाहेरून आत झिजत जातो. त्याचा मुरूम होतो आणि मुरमाची माती होते.

खडक एकच असला तरी माती मात्र एकच होत नाही. देशावर पाऊस कमी. त्यामुळे खडकातले चुन्यासारखे क्षार पुष्कळसे मातीतच राहतात आणि काळी, चिकण माती तयार होते. कोकणात धो धो पाऊस. तो विरघळणारे सारे धुऊन नेतो. मागे लोखंड आणि ॲल्युमिनियम यांचेच अंश जास्त उरतात. म्हणून तेथला दगड तांबडा, तोच जांभा. लोखंडाला गंज चढल्यावर येतो तोच हा रंग. त्याच जांभ्याचे चिरे काढून कोकणात घरे बांधतात.

काळ्या मातीविषयी एक गैरसमज मोठ्या माणसांतही असतो. माती काळी म्हणजे तिच्यात शेणखत, पालापाचोळा यांचा अंश भरपूर, असे त्यांना वाटते. तसे नाही. तो अंश बहुतेक काळ्या जमिनीत थोडाच असतो. पण तो चिकणमातीच्या कणांना इतका घट्ट धरून बसतो, की सारी माती काळी दिसते. म्हणूनच काळ्या जमिनीलाही खत घालावेच लागते.

या मातीचे कण पोळीच्या पदरांसारखे असतात. पाणी मिळाले की पदरांमध्ये पाणी शिरून माती फुगते. उन्हाळ्यात पाणी उडाले की ती आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांत वरची माती पडते आणि पाऊस आला की पुन्हा सारे फुगून वरखाली होते. म्हणून म्हणतात, काळी जमीन आपली आपणच नांगरली जाते.

मग माती किती वर्षांची? तिचा खडक ६ कोटी ६० लाख वर्षांचा. त्या खडकापासून एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. कमी पावसाच्या भागात त्याहूनही जास्त. म्हणजे तुमच्या शेतातली हातभर माती होण्यास हजारो वर्षे लागलेली आहेत.

आणि जाते किती वेळात?

येथे जरा गंभीर होऊन वाचा.

वळवाच्या पावसाचा मोठा थेंब ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. जोराच्या पावसानंतर घराची भिंत पाहा. खालच्या बाजूला मातीचे शिंतोडे उडालेले असतात. शेतातही प्रत्येक थेंब असेच मातीचे कण उडवतो. जमीन उघडी असेल आणि तिला उतार असेल, तर वाहते पाणी ते कण घेऊन ओढ्याकडे निघते. ओढ्याचे पाणी गढूळ दिसते ना? तो रंग पाण्याचा नव्हे, कोणाच्या तरी शेताचा आहे.

आता एक हिशेब करू. वही घ्या. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावरून फक्त एक मिलिमीटर माती वाहून गेली असे धरा. काडेपेटीतल्या काडीच्या जाडीच्या निम्मा थर. डोळ्यांना तो गेलेला कळतसुद्धा नाही. पण एकरभराची ही माती होते सुमारे १४३ घनफूट, म्हणजे जवळजवळ दीड ब्रास! वजन पाच टनांहून जास्त. दर वर्षी एवढी माती जात राहिली, तर २५ वर्षांत एक इंच माती संपते. शेकडो वर्षांत झालेली माती, बाबांच्या हातून तुमच्या हाती शेत येईपर्यंत निघून जाते. आणि जाते ती वरची, सर्वांत सुपीक माती.

माळावरची जमीन हलकी, मुरमाड का आणि ओढ्याकाठची भारी का, याचे उत्तर आता तुम्हीच देऊ शकाल. वरची माती युगानुयुगे खाली उतरत आली आहे. ते निसर्गाचे काम, आणि ते सावकाश चालते. पण आपण बांध मोडले, उताराच्या दिशेने नांगरट केली, गवत ओरबाडून काढले, की तेच काम झपाट्याने होते.

वाहून गेलेली माती तळ्यांत आणि धरणांत साचते. ती काढून पुन्हा शेतात टाकण्यासाठी आपल्या राज्यात २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू झाली. गाळ टाकल्याने हलक्या जमिनी सुधारतात, हे चांगलेच आहे. पण विचार करा. जी माती एका पावसात फुकट खाली गेली, तीच वर आणायला यंत्र लागते, ट्रॅक्टर लागतो, डिझेल लागते. ती खाली जाऊच दिली नाही तर?

हा भाग आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवा

नांगरट, पेरणी, कोळपणी सारी उताराला आडवी करावी. प्रत्येक सरी आणि प्रत्येक ओळ मग छोटा बांध बनते. पाणी अडते, मुरते आणि विहिरीलाही त्याचा उपयोग होतो. चार ओळी वाढतील म्हणून बांध कोरू नयेत. भावाभावांत बांधावरून भांडण होते ते वीतभर जमिनीसाठी, पण बांध फुटला की दोघांचीही माती ओढ्याला जाते. बांधावर गवत असू द्यावे. त्याची मुळे माती धरून ठेवतात आणि जनावरांना वैरणही मिळते. पीक निघाल्यावर पाचट, धसकटे जाळू नयेत. तेच जमिनीचे पांघरूण आहे. पावसाचा थेंब त्यावर पडला की त्याचा जोर मोडतो. आणि अडचणीच्या वर्षी वीटभट्टीसाठी वरची माती विकण्याचा मोह होतो. त्यात मिळालेले पैसे वर्षभरात खर्च होतात, माती मात्र नातवंडांच्या हयातीतही परत तयार होत नाही. बी विकत मिळते, खत विकत मिळते, कर्जही मिळते. नवी जमीन कोणत्याच दुकानात मिळत नाही.

या आठवड्यात करून पाहा

१. काचेच्या उभट बरणीत तिसरा हिस्सा माती घाला, वर पाणी भरा आणि चिमूटभर मीठ टाका. झाकण लावून खूप हलवा आणि दिवसभर न हलवता ठेवा. आधी वाळू बसेल, तिच्यावर पोयट्याचा थर बसेल आणि सर्वांत वर चिकणमाती. प्रत्येक थर पट्टीने मोजा. माळावरच्या आणि ओढ्याकाठच्या मातीच्या दोन बरण्या केल्यात तर फरक लगेच कळेल.

२. बिघडलेल्या रेडिओच्या कर्ण्यातले लोहचुंबक मोठ्या माणसाकडून काढून घ्या. ते कागदात गुंडाळून ओढ्याच्या कोरड्या वाळूतून फिरवा. काळे कण चिकटतील. काळ्या पाषाणात असलेल्या लोहयुक्त खनिजाचे ते कण आहेत.

३. दोन जुन्या पाट्या किंवा घमेली घ्या. एकात नुसती माती भरा. दुसऱ्यात तीच माती भरून तिच्यावर वाळलेले गवत पसरा. दोन्ही सारखीच तिरकी ठेवा आणि झारीने तेवढेच पाणी घाला. खाली येणारे पाणी दोन पेल्यांत धरा. दोन्ही पेले शेजारी ठेवून घरच्या सर्वांना दाखवा. तुम्हाला काही बोलावे लागणार नाही!

आणि एक प्रश्न. तुमच्या शिवारातले पाणी पावसाळ्यात कोणत्या ओढ्याला जाते, तो ओढा कोणत्या नदीला मिळतो आणि ती नदी शेवटी कोठे जाते? आजोबांना विचारा, नकाशात पाहा आणि पत्राने कळवा. तुमच्या शेतातली माती निघून जात असेल, तर ती कोणत्या वाटेने जाते हे तुम्हाला ठाऊक असलेच पाहिजे.

पुढील आठवड्यात आपण पाहू, एकाच शिवारात एका विहिरीला पाणी लागते आणि शेजारच्या विहिरीला का लागत नाही. आज पाहिलेले मांजऱ्या आणि काळा पाषाण लक्षात ठेवा. तेथे ते पुन्हा भेटतील.

तुमचा,
शेतकीकाका